हॅमिल्टनची मतपत्रिका आणि भवानी पेठेतला फोन

२०२५ च्या घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात आमच्या पत्रपेटीत एक जाड पाकीट येऊन पडलं. वीजबिल नव्हतं, बँकेचंही नव्हतं. वर माझं नाव आडनावासकट, आणि आत न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहराच्या कौन्सिल निवडणुकीची मतपत्रिका.

मी न्यूझीलंडची नागरिक नाही. पासपोर्ट अजून आपलाच, निळा. पण इथला नियम असा की रेसिडेंट व्हिसा आहे, वय अठरा पूर्ण आहे आणि देशात सलग वर्षभर राहिलेले आहात, तर मतदार यादीत नाव घालायचं. घालायचं म्हणजे घालावंच लागतं. नाव नोंदवणं सक्तीचं, मत द्यायचं की नाही ही तुमची मर्जी. सोलापूरला, भवानी पेठेतल्या घरी, आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तुला कसं काय विचारालेत? तू तिथली हायस होय?"

खरंच की. मलाही तेच वाटलं होतं.

इथे मेयर लोक थेट निवडतात. आपल्याकडे आधी नगरसेवक निवडून येणार, मग त्यांनी महापौर निवडायचा, त्यात सोडतीचं आरक्षण, अडीच वर्षांची मुदत, तसली भानगड नाही. तेव्हाच्या मेयरबाई पॉला साउथगेट त्या खेपेला उभ्या नव्हत्या, त्यामुळे खुर्ची मोकळी होती आणि यादी लांबलचक. गावाच्या मधून वायकाटो नदी वाहते. नदीच्या अलीकडचा पश्चिम वॉर्ड, पलीकडचा पूर्व. दोन्हीकडून सहा-सहा नगरसेवक आणि माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, वॉर्डाचे दोन, असे एकूण चौदा. चौदा! सोलापूरला एकशे दोन असतात. बाबांना आकडा सांगितला तर ते बराच वेळ हसत होते. "चौदा लोकात भांडण कसं करणार बे?"

आता ही मतपत्रिका. शिक्का नाही, बटण नाही, चिन्हही नाही. कमळ, पंजा, घड्याळ, धनुष्यबाण बघत वाढलेल्या माणसाला नुसती नावं वाचून कळायचं काय? म्हणून सोबत एक पुस्तिका येते. त्यात प्रत्येक उमेदवाराचा फोटो आणि त्याने स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर, जास्तीत जास्त दीडशे शब्द. मी रात्री भाकऱ्या उरकून डायनिंग टेबलावर ती अख्खी वाचून काढली. निम्मे लोक म्हणतात आम्ही घरपट्टी आटोक्यात ठेवू. इथे तिला 'रेट्स' म्हणतात आणि सलग दोन वर्षं ती दरवर्षी पंधरा टक्क्यांच्या वर वाढली होती, त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. उरलेले निम्मे नदी, सायकलचे रस्ते आणि बस यांबद्दल लिहितात. "मी तुमचा हक्काचा माणूस" असं कुणीच लिहिलेलं नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं.

मग पेन उचललं आणि आवडत्या नावापुढे टिक करणार, तेवढ्यात नवरा ओरडला, "आकडा! आकडा घाल!" हॅमिल्टनमध्ये पसंतीक्रम लिहायचा असतो: पहिली पसंती १, दुसरी २, पुढे हवं तितकं. पहिल्या पसंतीचा माणूस मोजणीत बाद झाला तर मत वाया जात नाही, दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. आपल्या विधान परिषदेचे आमदार असेच निवडतात, फक्त तिथे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ सोडले तर सामान्य मतदाराला कुणी पेन देत नाही. गंमत म्हणजे त्याच पाकिटात वायकाटो विभागीय कौन्सिलचीही निवडणूक होती, आणि तिथे मात्र टिकच करायची! एका पाकिटात दोन पद्धती. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईचा हात थरथरला, तर ऐंशीच्या आजोबांचं काय होत असेल.

शेवटी एक प्रश्न होता: माओरी वॉर्ड ठेवायचा की काढायचा? सोलापूरकर म्हणेल, हे तर आरक्षणच. पण गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे जागा राखीव असली तर उमेदवार त्या प्रवर्गातला हवा, मत मात्र प्रभागातले सगळे देतात. इथे माओरी वॉर्डात उभं कुणीही राहावं, मत फक्त माओरी मतदार यादीतल्यांनी द्यायचं. तो वॉर्ड राहावा की जावा, हे मात्र सगळ्या शहराला विचारलं होतं, म्हणजे काल-परवा आलेल्या मलासुद्धा. ज्यांची ही जमीन होती त्यांच्या दोन खुर्च्यांवर भवानी पेठेतल्या बाईने मत द्यायचं. मी या प्रश्नावर दोन दिवस पाकीट उघडंच ठेवलं होतं. शेवटी 'ठेवा'वर खूण केली.

प्रचाराचं म्हणाल तर शुकशुकाट. कुंपणाला लावलेले फलक आहेत, तेवढेच. रिक्षावरचा भोंगा नाही, हलगी नाही, रात्रीच्या जेवणावळी नाहीत. एका शनिवारी मात्र दार वाजलं. हाफ चड्डीतला एक गोरा माणूस, हातात पत्रकं, मागे कार्यकर्ता वगैरे कुणी नाही. मला वाटलं सोलर पॅनेल विकायला आलाय. म्हणाला, मी नगरसेवकपदाला उभा आहे, तुम्हाला काही विचारायचंय का? मला एकदम काही सुचेना. आपल्याकडे आपण विचारत नाही, सांगतो: नळ, चेंबर, लाइट. मी आपलं फुटपाथच्या उखडलेल्या फरशीबद्दल बोलले. त्याने जाऊन ती बघितली, खाली वाकून मोबाईलवर फोटो काढला आणि पुढच्या घरी गेला. एकटाच.

लगेच हुरळून जाऊ नका. त्याच्या आदल्या खेपेला, २०२२ मध्ये, हॅमिल्टनमध्ये तीन मतदारांमागे एकानेही धड मत दिलं नव्हतं. घरी पाकीट येतं, परतीचं पाकीट फुकट, सुपरमार्केटच्या दारात केशरी पेट्या ठेवलेल्या, आणि तरी ही अवस्था. आमची शेजारीण पाकीट न फोडताच रद्दीत टाकते. "माझ्या मताने काय होणार?" हे वाक्य इंग्रजीतही तितकंच आळशी ऐकू येतं. आमच्या गल्लीत मतदानादिवशी सकाळी सातला आंघोळ करून उभी राहिलेली रांग मी लहानपणापासून बघितली आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चारही भाषांत एकमेकांना "झालं का?" विचारणारी.

पण महापालिकेसाठी ती रांग तोवर शेवटची लागली होती २१ फेब्रुवारी २०१७ ला. मीही होते त्यात, लग्नाआधीची. अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबून आले होते. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाची तारीख, पुन्हा प्रभागरचना. साडेतीन वर्षं सोलापूरला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक सगळं बघत होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. सप्टेंबरात त्यालाही मुदतवाढ मिळाली, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. म्हणजे निवडणूक बहुतेक गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, आगेमागे येणार होती. नंदीध्वज आणि प्रचाराचा टेम्पो एकाच रस्त्यावर यायचे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, हॅमिल्टनची १८७७ ची. पंचवीस वर्षांनी धाकटी. १९३० मध्ये, इंग्रजांचं राज्य असताना, नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढवणारं आमचं गाव. इथल्या ऑफिसात मी हे एकदा अभिमानाने सांगितलं. पुढचा प्रश्न आला, "मग आता तुमचा मेयर कोण आहे?" मी चहा आणायला उठले.

नगरसेवक म्हणजे काही देव नव्हे, मला माहीत आहे. पण तो ओरडलं तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर असायचा. लग्नात आहेर घेऊन यायचा, मयतीला यायचा, पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून बायका त्याच्याच दारात घागरी घेऊन बसायच्या. तो चिडायचा, पण दार उघडायचा. त्या सप्टेंबरात सोलापुरात पावसाने घराघरांत पाणी शिरलं. मग सीना नदीला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे रोड बंद पडला. बाबा म्हणाले, "आधी आसं झालं की रात्री दोनला नगरशेवकाला उठवायचं. आता कुणाला उठवायचं, सांग की."

माझं पाकीट मी सुपरमार्केटच्या केशरी पेटीत टाकलं, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी, एका हातात कोथिंबीर. ११ ऑक्टोबरला दुपारी बाराला मतदान संपणार होतं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, बाबांचा फोन. कुणाला दिलंस हे विचारलंच नाही. म्हणाले, नवी प्रभागरचना आली आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशा फिरतोय, पण अक्षर इतकं बारीक की वाचता येईना, तू मोठा करून बघ. मी लॅपटॉपवर उघडला. रूपाभवानीचं देऊळ सापडलं, त्यावरून रस्ता धरत धरत आमची गल्ली सापडली. प्रभागाची हद्द बरोबर तिच्या मधून गेल्यासारखी दिसत होती.

"आपण कुठल्या बाजूला?" बाबांनी विचारलं.

मी अजून मोठं करून बघत होते.