तासांचा रकाना आणि गळके नळ

समाजसेवा प्रकल्पाचं काम शाळेत दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. यंदा ते माझ्या पडलं. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे 'तुमच्याकडे कल्पना असतीलच' असं म्हणून गठ्ठाभर फॉर्म माझ्या टेबलावर ठेवण्यात आले. विद्यार्थ्याचं नाव, प्रकल्पाचं नाव, तारीख, तास, जबाबदार व्यक्तीची सही. नववी-दहावीच्या पोरांना त्यातला एकच रकाना दिसतो, तो म्हणजे तासांचा. पहिला प्रश्नच असा आला : "मॅडम, जाण्यायेण्याचा वेळ धरायचा का?"

त्यांना तरी काय बोल लावणार! मोठ्यांनीच ही सवय लावली आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शाळा पूर्ण करायला ७५ तासांची सेवा लागते. १९९२ साली असा नियम संपूर्ण राज्याला लावणारं ते तिथलं पहिलं राज्य. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १९९९ पासून ४० तास आहेत. आयबी डिप्लोमा या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमवाल्यांनी मात्र सेवेचे तास मोजणं सोडून दिलं. तिथे साधारण १८ महिने सातत्याने काम, त्यात निदान महिनाभर चाललेला एक प्रकल्प आणि काय शिकलो याची नोंद एवढं मागतात. मला हे जास्त पटतं. कचरा उचलायला गेलेल्या गटात झाडाखाली उभ्या राहिलेल्या मुलाचेही तास भरतातच की.

आमच्या फॉर्मवरचा रकाना खोडायचा अधिकार मला नव्हता. मी त्याच्या शेजारी पेनाने आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'काय मोजलं?'

विषय ठरवायला बसलो तेव्हा नेहमीची यादी आली. स्वच्छता मोहीम, वृक्षारोपण, वृद्धाश्रमाला भेट. वाईट यातलं काहीच नाही, पण मी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत होते : हे कुणी मागितलंय का? आणि आपण परत आल्यावर त्याचं काय होणार? रोपांना पाणी कोण घालणार यावर वर्गात शांतता. वृद्धाश्रमाला फोन करून विचारलं, तर तिथल्या बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "गट खूप येतात हो, पण तेच लोक दुसऱ्यांदा येत नाहीत."

मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा नळ किती महिने टपकतोय. एवढ्याशा कामासाठी प्लंबर येतच नाही." लगेच आणखी दोघा-तिघांना आपापल्या शेजारचे नळ आठवले. विषय तिथेच ठरला. लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ मध्ये मीरा रोडला हेच काम हाती घेतलं होतं : रविवारी प्लंबरला बरोबर घ्यायचं, घरोघर जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. मुलांना हे सांगितल्यावर 'आपल्याला जमेल का' हा प्रश्न आपोआप मिटला.

परवानग्यांच्या भानगडीत फार शिरत नाही. पालकांची लेखी संमती, तिघांचा गट आणि बरोबर एक मोठं माणूस, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून घरात दुसरीकडे पाऊल नाही, घराचे आणि माणसांचे फोटो नाहीत, आणि कुणी काही देऊ केलं तर हात जोडून नाही म्हणायचं. फोटोंच्या नियमावर ऑफिसची नाराजी होती. फलक धरून उभ्या राहिलेल्या मुलांचा फोटो त्यांना अहवालाला हवा होता. तो शाळेच्या पायऱ्यांवर काढून दिला, मिटलं.

प्लंबरकाका एका विद्यार्थ्याच्या ओळखीतले. शनिवारचे दोन तास देईन म्हणाले, पण त्यांची अट होती : "पोरांनी पाना हातात घ्यायचा नाही, आधी बघायचं." पहिल्या दिवशी त्यांनी शाळेच्याच प्रयोगशाळेत एक जुना नळ उघडून दाखवला. आधी मागचा कॉक बंद. मग नळ सोडून पाईपात उरलेलं पाणी काढून टाकायचं. मग मुंडी काढून स्पिंडल, म्हणजे आतला दांडा, बाहेर. त्याच्या बुडाशी काळा रबरी वायसर. नळ पिळला की हा वायसर खालच्या पितळी सीटवर दाबून बसतो आणि पाणी अडतं. नळ टपकायला लागला की आपण तो आणखी करकचून पिळतो, त्याने वायसर चिरडतो आणि नळ जास्तच टपकतो. काकांनी चिरडलेला वायसर एका मुलाच्या तळहातावर ठेवला. मधोमध गोल खाच पडलेली, कडा फाटलेल्या. पाव-अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यात बारीक रेती गेली की ओरखडे पडतात आणि चकत्यांसकट आतला सगळा भागच बदलावा लागतो.

आमच्या रकान्याची खरी कसोटी लागली ती मोजमापात. नियम साधा होता : दुरुस्तीआधी नळाखाली मोजपात्र धरायचं, थेंब मोजायचे, घड्याळ लावायचं. पहिल्याच घरी दोघांचं भांडण जुंपलं. एकाने नेटवर वाचलं होतं की २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. नळ साधारण सेकंदाला एक थेंब टाकत होता. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे जेमतेम सव्वाचार लिटर. "एवढ्यासाठी कशाला आलो?" हे त्याने आजींसमोरच विचारलं. दुसरी मोजपात्राकडे बघत होती. तिच्या हिशोबाने शंभरेक थेंबांतच पाणी २५ मिलिलिटरच्या रेघेला टेकलं होतं. म्हणजे मिलिलिटरला चारच थेंब. मग तोच नळ दिवसाला एकवीस लिटरच्या वर जातो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पुन्हा मोजा. पुन्हा तेच आलं. २० थेंबांचा हिशोब औषधाच्या ड्रॉपरचा आहे. थेंब लटकून राहतो तो पृष्ठताणाच्या, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या ओढीच्या, जोरावर, आणि तोंड जितकं रुंद तितका तो जास्त वजन तोलून धरतो. ड्रॉपरचं टोक बारीक, नळाचं तोंड रुंद, म्हणून नळाचा थेंब पाचपट मोठा. पृष्ठताणाचा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलाय. तो कुणी इतक्या तावातावाने वाद घालून शिकल्याचं मला तरी आठवत नाही.

लोकांचं वागणं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, फुकट दुरुस्ती म्हटल्यावर दारं सताड उघडतील. पहिल्या इमारतीत निम्म्या लोकांनी जाळीतूनच "आमच्याकडे काही गळत नाही" सांगितलं. आतून टपटप ऐकू येत होती. ज्या आजींमुळे हा विषय निघाला, त्यांनी नळाखाली बादली लावली होती आणि त्या पाण्याने त्या भांडी विसळायच्या. "वाया कुठे जातंय? उलट रात्रभरात बादली भरते," असं त्यांचं म्हणणं. एका आजोबांनी तर पुरावाच समोर ठेवला : "बिल वाढलेलं नाही. मग गळती कुठून आली?" मुलं गडबडली. काकांनी सांगितलं की जुन्या मीटरला फार बारीक धार कळतच नाही, त्याची चक्री फिरण्याइतका जोर त्या पाण्यात नसतो. आजोबांना हे ऐकून आनंदच झाला, म्हणजे आमचा मुद्दा आमच्यावरच उलटला. शेवटी त्यांनी नळ दुरुस्त करू दिला तो आवाजामुळे झोप लागत नाही म्हणून. मुलांनी त्यावरून आपलं दारावरचं बोलणंच बदललं. पाणी वाचवा वगैरे बाजूला ठेवून ती विचारायला लागली, "रात्री टपटप ऐकू येते का?" दारं उघडायला लागली.

फ्लशच्या टाक्यांचा भाग सुरुवातीला आमच्या यादीत नव्हताच. काका म्हणाले, "नळ निदान बोलतो तरी, टाकी मुकाट्याने गळते." युक्ती फार सोपी आहे, कुणीही घरी करावी. टाकीचं झाकण उघडून त्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. मग भांड्यात बघायचं. तिथे रंग उतरला असेल तर टाकी गळतेय. टाकीच्या तळाचं रबरी झाकण झिजलं असेल, नाहीतर फ्लोट, म्हणजे पाणी भरणं थांबवणारा तरंगता गोळा, फार वर राहिल्यामुळे पाणी उभ्या नळीच्या तोंडावरून आत सांडत असेल. दुसऱ्या प्रकारात काहीच विकत आणावं लागत नाही, फ्लोट खाली घेतला की झालं. मुलांना हा प्रयोग एवढा आवडला की त्यांनी नळांपेक्षा टाक्यांच्याच घरांची यादी आधी भरली. पंधरा मिनिटं थांबायचं म्हटल्यावर घरातली माणसं गप्पा मारायला लागतात, हाही त्यातला फायदा. आमच्या गटातला सगळ्यात अबोल मुलगा याच पंधरा मिनिटांत बोलायला शिकला. पुढे फोन करून लोकांच्या वेळा ठरवायचं सगळं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

नोंदवह्यांबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लिहून आणलं, 'आज खूप छान वाटले. पाण्याचे महत्त्व कळले.' वाक्यंसुद्धा तीच, फक्त अक्षर वेगळं. मी वह्या परत केल्या आणि सांगितलं : एक गोष्ट जी डोळ्यांनी बघितली, एक आकडा, आणि एक प्रश्न. बस, चौथी ओळ नको. पुढच्या खेपेला एकीने लिहिलं, 'काकूंनी नळाला दोरी बांधली होती, थेंब दोरीवरून खाली उतरतो, आवाज होत नाही.' त्याखाली आकडा. त्याखाली प्रश्न : 'आवाज बंद केला की माणूस दुरुस्ती विसरतो का?' हे वाचून मी अहवालाची प्रस्तावना तिलाच लिहायला दिली.

दुरुस्ती झाली की प्रकल्प संपला, असं सगळ्यांचं मत होतं. मी महिन्याने त्याच घरी परत पाठवलं. कुरकुर झाली. पण दुरुस्त केलेल्यांपैकी काही नळ पुन्हा टपकत होते. नवा वायसर, नवी टेफ्लॉन टेप, तरीही. काकांनी एक नळ उघडून बॅटरी आत धरली आणि बोट फिरवायला लावलं. पितळी सीटलाच खाच पडली होती. अशा सीटवर कितीही वायसर बदला, पाणी खाचेतून वाट काढणारच. सीट घासून सपाट करावी लागते, किंवा नळच बदलावा लागतो. ही घरं वेगळ्या यादीत गेली. परत गेलोच नसतो तर ती सगळी 'दुरुस्त' म्हणून अहवालात छापली गेली असती.

या दुसऱ्या फेरीचे तास ऑफिसने नाकारले. प्रकल्पाची मुदत संपली होती म्हणे. मी वाद घातला, मुलांनी दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले, आणि मुख्याध्यापकांनी सही केली. मजा म्हणजे तोपर्यंत तासांबद्दल विचारायचं मुलांनी केव्हाच सोडलं होतं. तो वाद मी एकटीच घालत होते.

खाच पडलेल्या नळांची यादी आता आठवीतून वर आलेल्या गटाकडे दिली आहे. त्यांना मात्र सुरुवात शाळेच्याच फ्लशच्या टाक्यांपासून करायची आहे आणि रंगाची बाटली त्यांनी माझ्या कपाटातून नेलीसुद्धा. सोमवारी आधी शिपाईमामांना सांगून ठेवायला हवं, नाहीतर निळं पाणी बघून बोंब थेट मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जाईल.