मासा खाली-उजवीकडे जाईना

धाकटी बहीण इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून तिने जावा स्विंगमध्ये (जावा भाषेत खिडक्या आणि चित्रं काढायची लायब्ररी) एक गेम केला: माऊस जिकडे न्यावा तिकडे मासा पोहत येतो आणि वाटेतले किडे गिळतो. सबमिशन तोंडावर आलं आणि मासा ऐकेना.

"दादा, वर-डावीकडे मस्त जातो. खाली-उजवीकडे माऊस नेला की जागचा हलत नाही. आणि कधीकधी माऊसपाशी पोचला की एकदम वरच्या कोपऱ्यात उडी मारतो आणि तिथेच मरून पडतो."

तिचा संशय टचपॅडवर होता. मैत्रिणीचा माऊस आणून लावून झाला होता, माऊस लिसनरचा (माऊस हलला की चालणारा) कोड दोनतीनदा पुन्हा लिहून झाला होता. त्या कोडमध्ये दोन बारीक गोष्टी होत्याच. लिसनर पॅनलऐवजी (आतला चित्र काढायचा भाग) फ्रेमला (टायटल बारसकट पूर्ण खिडकी) लावला होता, त्यामुळे वरच्या टायटल बारच्या उंचीइतका फरक पडून मासा कर्सरच्या खाली रेंगाळायचा. शिवाय माऊसचं बटण दाबून ठेवलं की जावा माऊसमूव्ह्ड पाठवत नाही, माऊसड्रॅग्ड पाठवते, आणि ती मेथड (ते झालं की चालणारा कोडचा तुकडा) रिकामीच होती. लिसनर पॅनलला लावला, दोन्ही मेथडमधून एकच काम करून घेतलं. ते पटकन उरकलं. मूळ दुखणं तसंच राहिलं.

मग मी लिसनरचा नाद सोडला आणि पेंट करायच्या मेथडमध्ये ड्रॉस्ट्रिंगने आकडेच पडद्यावर लिहायला लावले: माऊस कुठे, मासा कुठे, पुढचं पाऊल किती. कन्सोलवर (मजकुराच्या वेगळ्या खिडकीत) छापण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण मासा हलवणारा टायमर दर 16 मिलिसेकंदांनी एक टिक देतो आणि कन्सोलवर नुसता पूर येतो. माऊस माशापासून 200 पिक्सेल उजवीकडे आणि 150 खाली नेला. अंतर आलं 250, माशाचा वेग दर टिकेला 1 पिक्सेल, म्हणजे पाऊल 0.8 आणि 0.6. अगदी बरोबर. माऊसची जागाही बरोबर. मासा मात्र 100 वर होता तो 100 वरच.

कोडमध्ये वर डोकावलो तर माशाची जागा ठेवणारे एक्स (उजवीकडे वाढतो) आणि वाय (खाली वाढतो) दोन्ही इंट, म्हणजे फक्त पूर्णांक. 100 मध्ये 0.8 मिळवले की 100.8, इंटमध्ये टाकताना अपूर्णांक कापला, राहिले 100. पुढच्या टिकेला पुन्हा तेच. डावीकडे जाताना 100 उणे 0.8 म्हणजे 99.2, कापून 99. म्हणजे डावीकडे तो हवं त्यापेक्षा जोरातच पळत होता! वर-उजवीकडे माऊस नेला की आणखी मजा: मासा आधी सरळ वर चढायचा, माऊसच्या पातळीला आला की काटकोनात वळून उजवीकडे निघायचा. बुद्धिबळातल्या हत्तीसारखा.

कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) का बोलला नाही? तिने बेरीज += ने (‘आहे त्यातच मिळव’) लिहिली होती. तीच बेरीज ‘एक्स = एक्स + पाऊल’ अशी फोडून लिहिली असती, तर डबल (अपूर्णांक ठेवणारी संख्या) इंटमध्ये मावत नाही म्हणून जावाने तिथेच अडवलं असतं. += मध्ये मात्र भाषा स्वतःच गुपचूप कास्ट करते, म्हणजे संख्येचा प्रकार बदलते. नियमात बसतं ते, पण शिकणाऱ्यांसाठी हा खड्डाच आहे असं माझं मत.

एक्स-वाय डबल केले, कास्ट फक्त चित्र काढताना ठेवला. मासा चारी दिशांना नीट पोहायला लागला. बहीण खूश. तेवढ्यात मासा आणि माऊस एका आडव्या रेषेत आले, मासा बरोबर माऊसवर पोचला आणि गेला कोपऱ्यात. पडद्यावरच्या आकड्यांच्या जागी आलं ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे ही संख्याच नाही).

अंतर शून्य झालं होतं. पाऊल काढताना शून्याला शून्याने भागलं. पूर्णांकांत जावा तिथे एक्सेप्शन (चुकीची सूचना) फेकते, डबलमध्ये काही फेकत नाही, नॅन देते. नॅनमध्ये काहीही मिळवलं तरी नॅनच, आणि इंटमध्ये कास्ट केला की शून्य. म्हणून मासा शून्य-शून्यवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात. आधीच्या कोडमध्येही तो असाच तिथे पोचत होता, आणि कोपऱ्यातून बाकी सगळं जग खाली-उजवीकडेच असल्यामुळे अडकून पडत होता. दोन तक्रारींची गाठ इथे होती.

त्याशिवाय माऊसजवळ आल्यावर मासा थरथरायचा, कारण अर्धा पिक्सेल उरला तरी तो पूर्ण एक पुढे जायचा आणि मग मागे यायचा. या दोन्हींवर एकच इफ पुरला: अंतर वेगाइतकं किंवा त्याहून कमी असेल, तर माशाला थेट माऊसच्या जागी ठेवायचं, भागाकार करायचाच नाही.

टायमर सगळ्या मशीनवर सारख्या टिक देत नाही, त्यामुळे वेग नॅनोटाइमच्या (जावाचं बारीक घड्याळ) हिशोबाने काढ, असं मी सुचवलं. "व्हायवा झाल्यावर," म्हणाली, आणि पडद्यावरचे माझे आकडे पुसून तिथे स्कोअर टाकायला बसली.