पोले ना काझी

खरं सांगायचं तर बॅग भरताना मला जाम लाज वाटत होती. घरी सगळ्यांना सांगून आलेले की टांझानियात शाळेत शिकवायला चाललेय, निघताना काकूने डोळे पुसले होते, आणि इथे मोरोगोरोला येऊन पाच आठवडे होतायत न होतायत तोच मी झांझिबारला बीचवर निघालेले. मिडटर्मची चार दिवस सुट्टी, शाळाच बंद, म्हणजे मी कुणाचं काही बुडवत नव्हते, तरी पण. स्विमसूट बॅगेत सगळ्यात खाली ठेवला, कोण बघायला येणार होतं देव जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी वह्या तपासत बसले होते तर शाळेतल्या बाई जाता जाता म्हणाल्या, "पोले ना काझी." हे इथे दिवसातून दहादा कानावर पडतं. पोले म्हणजे 'वाईट वाटलं हो' अशा अर्थाचं काहीतरी आणि काझी म्हणजे काम. (पहिला आठवडाभर मला वाटत होतं शाळेत कुणी काझी येतात.) कुणी काम करताना दिसलं की नुसतं पुढे जायचं नाही, एवढं म्हणायचं, कष्ट पडतायत तुम्हाला. आपण विचारतो "काय, चाललंय का काम?" आणि त्यात किंचित संशयच असतो. यावर उत्तर एकच, "असांते", म्हणजे थँक्यू. आता ह्या बाई भल्यामोठ्या वर्गाला वर्षानुवर्षं एकट्या हिसाबाती शिकवतात (हो, गणिताचं नाव तेच, आपल्या हिशेबाचा भाऊ), आणि मी बसून बरोबरच्या खुणा करतेय तर पोले मला!

बसने दार एस सलाम, मग दोनेक तास फेरी, आणि उतरल्यावर देश तोच असूनही परत पासपोर्ट दाखवायचा कारण झांझिबारचा कारभार बराचसा वेगळा. मग डालाडाला, म्हणजे आपलं वडापच, फक्त टपावर सामान जरा जास्त. पूर्व किनाऱ्यावर जंबियानीला पोचेपर्यंत अंधार झाला, लांबून लाटांचा आवाज तेवढा येत होता आणि वर पूर्ण चंद्र.

सकाळी साडेनऊला टॉवेल घेऊन बाहेर आले तर समुद्रच नाही.

म्हणजे ओली पांढरी वाळू, मधेमधे डबकी, आडव्या पडलेल्या होड्या आणि पार तिकडे खडकाच्या रांगेवर फेसाची एक रेघ. ओहोटी, त्यात पौर्णिमेचं उधाण, इथे तेव्हा भरती-ओहोटीच्या पाण्यात तीन-चार मीटरचा फरक पडतो आणि किनारा इतका सपाट की पाणी कुठच्या कुठे जातं. आदल्या रात्री चंद्राचे वीस फोटो काढले पण हे डोक्यात आलं नाही. म्हटलं एवढ्या लांब आलोय तर समुद्राकडे चालत जाऊ. टॉवेल खांद्यावर टाकून निघाले, अनवाणी.

वाटेत खुंट्यांच्या ओळीच्या ओळी लागल्या. खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी, दोरीला वितीवितीवर बांधलेले शेवाळाचे झुपके, आणि त्यात गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका. ह्याला म्वानी म्हणतात. 1989 च्या सुमारास इथे ह्याची शेती सुरू झाली, करणाऱ्या बहुतेक बायकाच. साधारण दीड महिन्यात काढणी, मग वाळवून परदेशी रवाना, तिथे त्यातून जो दाटपणा आणणारा पदार्थ निघतो तो टूथपेस्टमध्ये आणि आईस्क्रीममध्ये जातो. चांगला भाव मिळणारी जात पाणी तापलं की मरते, म्हणून ती खोल पाण्यात लावावी लागते, आणि यातल्या कित्येकींना पोहता येत नाही. म्हणजे समुद्र ओसरला म्हणून मी तोंड वाकडं केलेलं आणि ह्यांचं ऑफिस त्यामुळेच उघडलेलं. मी त्यांच्या ऑफिसातून टॉवेल खांद्यावर टाकून चाललेले.

ह्याच विचारात पाय पडला तो नेमका काळ्या काटेरी गोळ्यावर. सी अर्चिन. मी अशी किंचाळले की एक बाई कंबर धरून सरळ झाली आणि तिथूनच ओरडली, "पोले! पोले!" मी आपली सवयीने, "असांते."

गेस्टहाऊसच्या पोराने न बोलता कच्ची पपई कापून आणली आणि तिचा पांढरा चीक टाचेला लावला, त्याच्यासाठी हे रोजचंच असणार. टाच ठणकत होती त्यापेक्षा जास्त हे टोचत होतं की काम ती करत होती आणि पोलेही तीच म्हणाली, मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिरा. प्लास्टिकच्या चपला घालून लंगडत लंगडत तिथवर गेले. तीच बाई, तोच पिवळा कांगा (इथल्या बायकांचं गुंडाळायचं कापड) कमरेला खोचलेला, अंगठ्याने दोरीची गाठ सरकवायची, त्यात शेवाळाचा तुकडा अडकवायचा, की पुढची गाठ, नजर वर नाही. म्हटलं, "पोले ना काझी."

"असांते," ती म्हणाली, मग माझ्याकडे बघून विचारलं, मी इथे काझीला आलेय का? एवढं स्वाहिली मला कळत होतं. शाळा, मोरोगोरो, सगळं सांगता आलं असतं, पण मी खरं तेच सांगितलं, "लिकिझो." सुट्टी.

तिने माझ्या टाचेकडे बघितलं, शेजारणीला काहीतरी सांगितलं, दोघी पाण्यात वाकून वाकून हसल्या आणि मग अगदी गंभीर चेहरा करून ती म्हणाली, "पोले ना लिकिझो."