सर, मिलीत लिहा

लेकराला आकडी आली की आमच्याकडं आधी नाकाशी कांदा जातो, नाहीतर चप्पल. मग गाडीची शोधाशोध. बीड जिल्ह्यातल्या आमच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात लेकरू पोचतं तोवर कधीकधी अर्धा तास उलटलेला असतो. झटका ५ मिनिटांच्या पुढं गेला की औषध द्यायचं, हा नियम तिथंच मोडलेला.

म्हणून झटक्यात कोणतं औषध किती द्यायचं, याचा आमच्यापुरता एक पानी तक्ता करायला घेतला. वाटलं होतं, पुस्तकातलं मराठीत उतरवलं की झालं. पुस्तक म्हणतं, झटका थांबवायला शिरेतून लोराझेपाम. त्याला फ्रीज लागतो, आणि आमचा फ्रीज लसींचा. त्यात दुसरं काही ठेवायची सोय नाही. शिवाय झटके देणाऱ्या दोन वर्षांच्या लेकराची शीर रात्री एकट्या सिस्टरनं शोधायची कशी? म्हणून त्याच कामाचं मिडाझोलाम मांडीत टोचायचं ठरलं, वजनाच्या किलोमागं ०.२ मिलिग्रॅम. मी स्नायूतलं मिडाझोलाम आणि शिरेतलं लोराझेपाम ताडून बघणारी २०१२ ची रॅम्पार्ट चाचणी पुढं केली, तर जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "त्यात १३ किलोंखालची लेकरं नव्हती, तेवढं लक्षात असू द्या." बरोबर होतं. तरी मांडीतलंच ठेवलं, कारण शीर सापडेपर्यंत थांबणं जास्त वाईट.

पहिला कच्चा तक्ता मी मिलिग्रॅममध्ये केला. सीनियर सिस्टरनं एकदा वाचला आणि परत दिला. "सर, मिलीत लिहा. रात्री दोनला हिशोब कोण करंल?"

केलं मिलीत, म्हणजे सिरिंजमध्ये किती मिलिलिटर ओढायचं ते. कपाटात १ मिलीत १ मिलिग्रॅमची बाटली होती. १० किलोंना २ मिली. दोन महिने सुरळीत. मग नवा साठा आला, १ मिलीच्या अँप्यूल, आणि प्रत्येकीत ५ मिलिग्रॅम. नाव तेच. एका रात्री १० किलोंच्या लेकरासाठी सिस्टरनं एक अँप्यूल ओढली, दुसरी फोडायला घेतली आणि तिथं हात थांबला. "एका लेकराला दोन कशा लागतील?" थांबली नसती तर पाचपट डोस गेला असता. ०.४ मिली दिलं, झटके थांबले. श्वास द्यायची अंबू बॅग उशाशी होती, लागली नाही. मला मात्र सकाळपर्यंत झोप नव्हती. चूक तक्त्याची, म्हणजे माझीच होती.

आता तक्त्यात दोन रकाने आहेत, वर बाटलीचं आणि अँप्यूलचं चित्र. साठा बदलला की जुना रकाना चिकटपट्टीनं झाकायचा.

वजनाचाही घोळ होता. वयावरून वजन काढायला वयात ४ मिळवून दुप्पट करायचं सूत्र आहे. कारखान्यावरून परतलेल्या ऊसतोड कुटुंबांतली लेकरं त्याहून हलकी निघाली. मग पहिल्या डोससाठी काट्यावर आईसकट उभं करायचं आणि आईचं वजन नंतर वजा करायचं, असं ठरलं. तोवर दुसरी सिस्टर असली तर ती रक्तातली साखर बघते.

पहिल्या औषधानं झटका थांबला नाही तर पुढं काय, या दुसऱ्या टप्प्यावर फारसा वाद झाला नाही. २०१९ च्या मोठ्या चाचणीत लेव्हेटिरासेटाम, फॉस्फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट तिन्ही जवळजवळ सारखीच ठरली होती. आम्ही लेव्हेटिरासेटाम घेतलं. फेनिटॉइन टाळलं, कारण ते चुकून ग्लुकोजच्या सलाईनमध्ये घातलं की त्याचा साका होतो, आणि रात्री अशी चूक व्हायला वेळ लागत नाही.

शेवटची दुरुस्ती १०८ च्या गाडीमुळं झाली. पुढच्या दवाखान्यात पहिला डोस कळलाच नाही, चिठ्ठी नातेवाइकाच्या खिशात राहिली होती. आता लेकराच्या हातावरच पट्टी चिकटवतो: मिडाझोलाम, किती मिलिग्रॅम, किती वाजता.