तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतला फायर एक्स्टिंग्विशर विमानात का चालत नाही?

माझ्याबरोबर सेस्ना १७२ या छोट्या चार आसनी विमानात पहिल्यांदा बसणारे बरेच जण सीटजवळच्या लाल बाटलीकडे बघून विचारतात, "एवढी महागाची कशाला? गाडीतली पावडरची चालली असती की!"

नाही चालत. गाडी पेटली तर आपण ती कडेला घेतो आणि दार उघडून पळतो. विमानात आग विझल्यावरही त्याच बंद केबिनमध्ये बसून विमान उतरवायचं असतं. गाडीतल्या बाटलीतली ही पावडर (एबीसी पावडर म्हणतात तिला) मारली की सगळीकडे धुरळा. समोरची काच दिसत नाही, पॅनेलवरचे आकडे दिसत नाहीत, खोकला थांबत नाही. सुखरूप उतरलात तरी पुढे आहेच. ही पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. रिव्हेटच्या डोक्यांभोवती, पत्र्यांच्या सांध्यांत, वायरींच्या कनेक्टरमध्ये ती जाऊन बसते, दमट हवेत ओल धरते आणि अ‍ॅल्युमिनियम खायला लागते. नुसतं पुसून भागत नाही. सीट, कार्पेट, पॅनेल सगळं उचकटावं लागतं.

कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवत नाही, पण बाटली जड, आणि एवढ्याशा जागेत आपलाच श्वास कोंडतो.

माझ्याकडे हॅलॉन १२११ या आग विझवणाऱ्या रसायनाची बाटली आहे, अडीच पौंडी, ५-बी:सी दर्जाची, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवांच्या आणि विजेच्या आगीसाठीची. धार नेमकी लागते, लगेच वायू होतो, मागे काहीच उरत नाही. पण हॅलॉन ओझोनचा थर खातो. ओझोन वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारामुळे विकसित देशांत १९९४ पासून त्याचं उत्पादन बंद आहे. मिळतो तो जुना, शुद्ध करून भरलेला. हे मला खटकतं. आज नवी घ्यायची तर मी २-बीटीपीची घेईन, म्हणजे हॅलॉनऐवजी वापरायच्या, ओझोनला जवळजवळ न दुखवणाऱ्या रसायनाची. दोन्हींपैकी काहीही मारलं तरी आग विझल्यावर व्हेंट उघडायचे, तो वायू हुंगत बसायचं नाही.

वायर जळल्याचा वास आला तर आधी मास्टर स्विच (विमानातली वीज तोडणारं मुख्य बटण) बंद, मग बाटली. इंजिनाच्या आगीपर्यंत ही बाटली पोचतच नाही. तिथे इंधन तोडायचं. फोनची बॅटरी पेटली तर वायूनं ज्वाळा विझतात, बॅटरी तापलेलीच राहते आणि पुन्हा पेटते, म्हणून पाणीही हाताशी हवं.

अमेरिकेत स्वतःच्या छोट्या विमानात बाटली ठेवायची सक्ती नाही. तरी ठेवा, आणि सामानाच्या कप्प्यात नको. धातूच्या ब्रॅकेटमध्ये, पट्टा न सोडता हात पोचेल अशी बसवा. शेजारी बसणाऱ्याला इंजिन सुरू करण्याआधीच पिन कुठे आहे ते दाखवा, कारण आग लागली तर तुमचे हात विमान सांभाळण्यात गुंतलेले असतील.