ऑफ तासाची वही

सकाळी सहाच्या आत फोन वाजला की घरातले म्हणायचे, "झालं, तुझं कोणीतरी आडवं पडलं." माझं म्हणजे शाळेतलं. नऊ वर्षं मी पर्यवेक्षिका होते आणि त्या नऊ वर्षांत एक काम रोज न चुकता केलं. आज जे शिक्षक आले नाहीत त्यांचे तास कोणाच्या गळ्यात घालायचे ते ठरवणं. आमच्या भाषेत अरेंजमेंट लावणं. मुलांच्या भाषेत ऑफ तास.

त्यासाठी एक लांबट वही होती. गैरहजर शिक्षकाचं नाव, तास, वर्ग, कोण जाणार आणि सही. वेळापत्रकाचा मोठा तक्ता समोर धरायचा, चौथ्या तासाला कोण मोकळं आहे ते बोट फिरवत शोधायचं आणि शिपायाबरोबर वही स्टाफरूममध्ये पाठवायची. वही आत शिरली की सगळ्यांना एकदम वह्या तपासायचं काम आठवायचं. "मॅडम, या आठवड्यातला माझा हा तिसरा." खरंच तिसरा असायचा. जो कुरकुर न करता सही करतो त्याच्याच वाट्याला जास्त तास जातात, हे मला दिसत होतं आणि तरी मी तेच करत होते. सव्वासातला न्यायबुद्धी जरा झोपेतच असते.

पहिली तीन-चार वर्षं त्या वहीचा उपयोग एवढाच होता, की वर्गात कोणीतरी मोठं माणूस असावं. बदलीवर गेलेला शिक्षक "आपापलं वाचा, आवाज नको" म्हणायचा आणि स्वतःची कामं उरकायचा. राखणदारीच ती. मग एकदा नववीच्या विज्ञानाच्या तासाला मी स्वतः गेले. माझा विषय भाषा, पण उत्साह दांडगा. पुस्तक उघडून विद्युतधारेचा धडा सुरू केला. दहा मिनिटांनी तिसऱ्या बाकावरची मुलगी अगदी आदबीने म्हणाली, "बाई, हे झालंय आमचं. मागच्या ऑफ तासालाही झालं." म्हणजे माझी तिसरी खेप. त्या वर्गाला धड्याचं पहिलं पान तोंडपाठ होतं आणि शेवटची उदाहरणं एकदाही झाली नव्हती, कारण येणारा प्रत्येक जण पहिल्या पानापासूनच सुरू करत होता.

त्यानंतर मी एक पान मागायला लागले. दर शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या वर्गाचं एक पान लिहून टेबलाच्या खणात ठेवायचं : कुठवर आलंय. पहिल्या शुक्रवारी बहुतेकांनी "धडा ४ चालू" असं लिहून सही ठोकली. मी पानं परत पाठवली. भांडणं झाली. "एवढं लिहीत बसायचं तर शिकवायचं कधी?" हा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण हळूहळू पानं सुधारली. विज्ञानाच्या मॅडमचं एक पान मी अजून जपून ठेवलंय. "ओहमचा नियम झाला. सूत्र येतं, एकक लिहायला विसरतात. उदाहरणं ५ पर्यंत झाली. सहावं तुम्ही करू नका, फळ्यावर मुलांकडून करून घ्या. खिडकीजवळच्या दोघांना लांब बसवा. मागच्या बाकावरचा उंच मुलगा हात वर करत नाही पण त्याला येतं, नाव घेऊन विचारा." मॅडम आजारी पडल्या तेव्हा या पानावर चित्रकलेच्या सरांनी तास घेतला. बाहेर आले ते बाह्या खडूने माखलेल्या. म्हणाले, "पोरांनीच शिकवलं मला. ओहम आज कळला."

मग २०२० साल आलं. युनेस्कोची तेव्हाची आकडेवारी सांगते की त्या एप्रिलमध्ये १९० हून जास्त देशांतल्या जवळपास १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-कॉलेजं बंद होती. आमची त्यातली एक. आणि मी काय केलं, तर भिंतीवरचं वेळापत्रक उचलून जसंच्या तसं स्क्रीनवर नेलं. आठ तास, मधली सुट्टी, सगळं. पाचवीतल्या मुलाने सकाळपासून दुपारपर्यंत फोनकडे बघत बसायचं, हे मी शहाण्या बाईने ठरवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ते गुंडाळलं.

एक दिवस मी एका वर्गाच्या ऑनलाइन तासाला मागे बसले होते, म्हणजे माझाही एक चौकोन होता. तास संपला. "थँक यू टीचर" असा कलकलाट झाला, चौकोन पटापट विझले. एक राहिला. काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरात मुलाचं नाव. मी हाक मारली. पुन्हा मारली. पाच मिनिटं आम्ही दोघंच होतो, मी आणि ते नाव. शेवटी त्याच्या घरी दुसऱ्या नंबरवर फोन लावला. आई म्हणाली, "तो फोन ना? चार्जिंगला लावलाय. तो सकाळी चालू करून ठेवतो आणि झोपतो." आमच्या हजेरीपत्रकात त्या मुलाची महिनाभर शंभर टक्के हजेरी होती.

राग आला, पण मुलाचा नाही. ऑफ तासाला वर्गात बसून वह्या तपासणारे आम्ही आणि हा चौकोन, यात मला काही फरक दिसेना. आपण तिथे आहोत असं दाखवायची कला त्याला आमच्याकडूनच मिळाली होती.

मग आम्ही याद्या वाटून घेतल्या. प्रत्येक शिक्षकाकडे बारा मुलं, आठवड्यातून एकदा साधा फोन. व्हिडिओ नाही, दुवा नाही, ज्याच्या घरी जो फोन असेल त्यावर. तीन भावंडांत एक फोन असलेली घरं होतीच, तिथे तिघांशी ओळीने बोलायचं. माझ्या वाट्याला तिसरीतला एक मुलगा होता. वजाबाकीच्या ऑनलाइन चाचणीत त्याला दहापैकी दोन. मी फोनवर म्हटलं, "त्रेचाळीसातून सत्तावीस वजा कर, पण मोठ्याने बोलत कर." तो म्हणाला, "चोवीस." कसे? "तीनातून सात जात नाहीत ना बाई. म्हणून मी सातातून तीन काढले."

सगळी गोम एवढीच होती. चाचणीने आठ वेळा लाल फुली मारली, पण तो काय करतोय ते तिला कळलं नाही. मी म्हटलं, "जात नाहीत हे बरोबर. मग कोणाकडे मागायचं?" बराच वेळ काही नाही. मागे प्रेशर कुकरची शिट्टी. मग म्हणाला, "शेजारी चार दशक आहेत त्यांच्याकडे." पुढच्या सात मिनिटांत आम्ही सोळावर आलो.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की आफ्रिकेतल्या बोत्स्वानात शाळा बंद असताना काही संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं होतं. सुमारे साडेचार हजार घरं. काहींना आठवड्याला गणितं फक्त मेसेजने पाठवली, काहींना मेसेजबरोबर वीसेक मिनिटांचा फोनही केला. नुसत्या मेसेजने फारसं काही हललं नाही. फोन झालेल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. स्मार्टफोन लागला नाही, इंटरनेट लागलं नाही.

यात नवं काही नाही म्हणा. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये पोलिओमुळे शिकागोतल्या शाळा उघडल्या नाहीत, तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांना रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ दिले गेले. सकाळच्या वर्तमानपत्रात वेळापत्रक आणि प्रश्न छापून यायचे. रेडिओ नीट लागत नव्हता अशी घरं होती, पाठ भरभर पुढे पळतो म्हणून मागे पडणारी मुलं होती. सगळं ओळखीचंच वाटतं. पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे, शिक्षण खात्याने पालकांच्या शंकांसाठी टेलिफोनवर शिक्षक बसवले होते आणि पहिल्याच दिवशी हजाराहून जास्त फोन आले. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला १९५१ मध्ये 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झालं ते दूरच्या वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पाठवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या दुतर्फी रेडिओवर. शेकडो किलोमीटर दूरच्या मुलाला बाईंना उलट उत्तर देता येत होतं. ते अजून चालू आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, ती लिहिलीच पाहिजे. आमच्याकडे तासांवर काम करणारे तीन बदली शिक्षक होते. शिकवाल त्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत. ऑनलाइन सुरू झालं आणि कायम शिक्षकांच्या रजाच थांबल्या, कारण ताप असला तरी लोक घरून तास घ्यायचे. या तिघांचं काम एका आठवड्यात शून्यावर आलं. त्यांना ऑनलाइन वर्गाचा पासवर्डसुद्धा कोणी दिला नव्हता. फोनच्या याद्या त्यांना द्या, तासाचे पैसे द्या, असं मी लिहून दिलं. वरून उत्तर आलं की फोन करणं म्हणजे तास नव्हे. त्यातली एक मुलगी तरीही वर्षभर बारा मुलांना फोन करत होती, हे मला पुढे एका पालकाकडून समजलं.

आणि गंमत अशी, की शाळा उघडल्यावर याच लोकांसाठी आम्ही वणवण केली. २०२२ च्या जानेवारीत कोरोनाच्या ओमायक्रॉन लाटेने एकाच दिवशी आमचे सव्वीसपैकी नऊ शिक्षक घरी बसवले. वहीचं एक पान पुरेना. हे जगभर चाललं होतं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात त्याच महिन्यात गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी नॅशनल गार्ड या राखीव दलाचे जवान आणि सरकारी कर्मचारी यांना बदली शिक्षक व्हायचं आवाहन केलं आणि त्या स्वतः बालवर्गावर जाऊन आल्या. बालवर्गावर! मी असते तर दहावी मागून घेतली असती.

आम्ही त्या दिवसांत जोडीने तास घेतले. भूगोलाच्या मॅडम घरून स्क्रीनवर, वर्गात ग्रंथपाल. मॅडम शिकवायच्या, ग्रंथपाल बाकांमधून फिरायच्या आणि सांगायच्या, "मॅडम, दुसऱ्या रांगेत नकाशा उलटा धरलाय." हे छान चाललं, कारण ग्रंथपालांना पोरांची नावं माहीत होती. दुसऱ्या एका वर्गात हाच प्रयोग नवख्या माणसाला घेऊन केला तर अर्ध्या तासात स्क्रीनवरचे सर "हॅलो, आवाज येतोय का?" एवढंच विचारत राहिले.

पुढच्या जूनमध्ये खरी वादावादी झाली. सातवीच्या वर्गाला सातवीचं पुस्तक द्यायचं की पाचवीचं राहिलेलं आधी घ्यायचं? पाठ्यक्रम थांबत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. मी मीटिंगमध्ये पाकिस्तानातल्या २००५ च्या भूकंपाचं उदाहरण दिलं. तिथे भूकंपाच्या पट्ट्याजवळच्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी तपासलं तेव्हा तिथली मुलं सुमारे दीड वर्ष मागे निघाली. बुडालं होतं सव्वातीन महिन्यांचं. बाकीचं कुठे गेलं? संशोधकांचा अंदाज असा, की शाळा उघडल्यावर मुलं वरच्या वर्गात गेली आणि शिक्षक वरच्या वर्गाचंच शिकवत राहिले. जे सुटलं त्यावर पुढचं रचत गेले. ज्यांची आई निदान प्राथमिक शाळा शिकलेली होती त्या मुलांत मात्र ही घसरण दिसली नाही. घरात बदलीवर कोणीतरी होतं, असं मी त्याचं वाचन करते.

मीटिंगमध्ये मी अर्धीच जिंकले. रोज पहिला तास मागचं घेण्यासाठी राखून मिळाला, तोही दिवाळीपर्यंतच.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. आता अरेंजमेंट संगणक लावतो. गैरहजेरी भरली की मोकळ्या शिक्षकाच्या फोनवर आपोआप निरोप जातो आणि कुरकुर करणाऱ्यालाही समान वाटा मिळतो, हे माझ्यापेक्षा चांगलंच आहे. माझ्या जागी आलेल्या मॅडमनी कौतुकाने दाखवलं. मी विचारलं, "कुठवर आलंय ते कुठे लिहायचं?" त्यांनी शोधलं. खाली 'शेरा' नावाची एक चौकट होती, जेमतेम ओळभराची. त्यांनी माझ्यासमोर टाइप करून पाहिलं : "ओहमचा नियम झाला. सूत्र येतं, एकक लिहायला विस" आणि कर्सर तिथेच लुकलुकत राहिला.

"शुक्रवारची पानं ठेवते मी खणात," त्या म्हणाल्या. मी लांबट वही त्यांच्याकडे दिली. त्यात शेवटची अकरा पानं कोरी होती.