बी३७ आला की जागाच वाढवायची का?

मंथ-एन्डच्या रात्री एक मोठा एक्स्ट्रॅक्ट जॉब (डेटा काढून फाइलमध्ये लिहिणारा) एसबी३७ ने, म्हणजे फाइलला डिस्कवर जागा न पुरल्याच्या एररने, पडला. मी पुण्यातून परदेशातल्या एका क्लायंटचं मेनफ्रेम स्टोरेज बघतो. कॉलवर गेलो तर अ‍ॅप्लिकेशनवाल्यांचं ठरलेलंच होतं, "सर, डेटा क्लासमध्ये स्पेस वाढवून द्या ना, बाकी काही नको."

डेटा क्लास म्हणजे नवीन डेटासेटचे (मेनफ्रेमवरच्या फाइलचे) गुणधर्म एसएमएसमध्ये (स्टोरेज सांभाळणाऱ्या सिस्टीममध्ये) आधीच लिहून ठेवायची सोय, रेकॉर्ड फॉरमॅट, एलआरईसीएल (रेकॉर्डची लांबी), स्पेस, किती व्हॉल्यूमवर (डिस्कवर) पसरू द्यायचं वगैरे, आणि कुठल्या डेटासेटला कुठला क्लास ते एसीएस रूटीन (निवडीचे लिहून ठेवलेले नियम) बघतं. पण या व्हॅल्यू लागतात कधी, तर जेसीएलने (जॉब चालवायच्या लेखी सूचनांनी) किंवा प्रोग्रामने स्वतः काही सांगितलेलं नसेल तेव्हाच. हे लोक हमखास विसरतात, आणि मग सगळं खापर स्टोरेजवर.

रीरन अडवून चालणार नव्हतं, म्हणून त्या रात्रीपुरता जास्त व्हॉल्यूम काउंटचा डेटा क्लास जेसीएलमध्ये दिला (आमचं एसीएस रूटीन तेवढी मुभा देतं) आणि जॉब पार पडला. मग निवांत ३.४ मधून (डेटासेटची यादी दाखवणाऱ्या स्क्रीनवरून) डेटासेटची माहिती बघितली. एफबी (ठरावीक लांबीचे, ब्लॉकमध्ये बांधलेले रेकॉर्ड), एलआरईसीएल ८०, आणि ब्लॉकसाइजही (डिस्कवर एकदम लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) ८०! म्हणजे एका ब्लॉकमध्ये एकच रेकॉर्ड. ३३९० या प्रकारच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) असे जेमतेम ७८ रेकॉर्ड बसतात, कारण प्रत्येक ब्लॉकमागे डिस्कची बरीच जागा नुसती ब्लॉकच्या देखभालीतच जाते. ब्लॉकसाइज २७,९२० असता तर ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ रेकॉर्ड. जवळपास नऊपट!

आता हा ८० आला कुठून? जेसीएलमध्ये ब्लॉकसाइज नाही, डेटा क्लासमध्ये नाही, म्हणजे खरं तर सिस्टीमने स्वतः चांगला आकडा काढायला हवा होता. सोर्स मागवला तर कोबॉलच्या एफडीमध्ये (प्रोग्राममधल्या फाइलच्या वर्णनात) ब्लॉकसाइज सिस्टीमवर सोपवणारी 'ब्लॉक कन्टेन्स ० रेकॉर्ड्स' ही ओळच नाही. ती नसली की कोबॉल फाइल अनब्लॉक्ड, म्हणजे एका ब्लॉकला एकच रेकॉर्ड अशी, धरतो (कंपाइलरचा ब्लॉक० ऑप्शन चालू असेल तर गोष्ट वेगळी) आणि प्रोग्रामने सांगितलेलं सगळ्यांच्या वर, त्यामुळे मी डेटा क्लासमध्ये काहीही लिहिलं असतं तरी ढिम्म फरक पडला नसता. जागा वाढवत राहिलो असतो आणि नऊपट डिस्क खाणारी फाइल तशीच राहिली असती, याचाच मला जास्त राग आला.

एक ओळ घालून रीकंपाइल. पुढच्या मंथ-एन्डला तोच जॉब जुन्याच डेटा क्लासवर एका व्हॉल्यूममध्ये आरामात मावला, एक्सीपी काउंटही (वाचण्या-लिहिण्यासाठी डिस्ककडे किती फेऱ्या झाल्या तो आकडा) दणक्यात खाली आला.

त्यानंतर डीकलेक्टचा (सगळ्या डेटासेटची माहिती काढून देणाऱ्या युटिलिटीचा) डेटा काढून एफबी आणि ब्लॉकसाइज एलआरईसीएलइतकाच असलेले सगळे डेटासेट शोधले, खूप मोठ्या रेकॉर्डवाले वगळून. यादी चांगलीच लांब निघाली, ती टीमवार वाटून दिलीय. आणि आता बी३७ चं तिकीट आलं की मी आधी ब्लॉकसाइज विचारतो, स्पेसचं नंतर बघू.